स्टायर एलपी१० आणि त्याचे तीन सिलिंडर: वय ठरवण्याच्या नोंदी

८ जून २०२४

क्लबच्या कपाटातलं स्टायर एलपी१०, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारं नेमबाजीचं पिस्तूल, एका नव्या नेमबाजाला सरावासाठी द्यायचं आहे. त्याआधी पिस्तूल किती जुनं आहे आणि सोबतचे सिलिंडर वापरण्याजोगे आहेत का, हे ठरवायचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मुंबईत सेकंडहँड पिस्तूल घेताना ते नेहमी एकत्र केले जातात. पिस्तुलाचं वय किमतीपुरतं आणि सुटे भाग मागवण्यापुरतं महत्त्वाचं असतं. सिलिंडरच्या वयावर हात आणि चेहरा अवलंबून असतो.

पेटीत सापडलेलं सामान: पिस्तूल, गेज (दाब दाखवणारी तबकडी) असलेले तीन सिलिंडर (यांना अ, ब, क म्हणू), भरायचा अडॅप्टर, हवा सोडायचा स्क्रू, पुस्तिका, कारखान्याच्या टेस्ट टार्गेटचं कार्ड आणि २००५ सालची पावती. पेटीच्या तळाशी गेज नसलेला आणखी एक लांबट सिलिंडर निघाला. तो सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा), म्हणजे एलपी१०चा नव्हेच. बहुधा कपाटात कधीकाळी असलेल्या एलपी१चा, म्हणजे स्टायरच्याच आधीच्या पिस्तुलाचा, असावा. त्याला लगेच लाल दोरा बांधून बाजूला ठेवलं. एलपी१ आधी सीओटूवर आणि पुढे दाबलेल्या हवेवर, अशा दोन्ही रूपांत आलं, त्यामुळे जुन्या क्लबांत अशी सरमिसळ हमखास सापडते. सीओटूच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं एकक) हवा भरायचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये.

९ जून

पिस्तुलापासून सुरुवात. फ्रेमवर कंपनीचं नाव ‘स्टायर मानलिखर’ असं आहे. नंतरच्या पिस्तुलांवर क्रीडाशस्त्रांच्या वेगळ्या कंपनीचं नाव येतं, म्हणजे ही प्रत आधीच्या काळातली. नावावरून क्रम कळतो, साल कळत नाही.

साल मिळालं ते टेस्ट टार्गेटच्या कार्डावरून. कारखान्यात नळी पक्की धरून ५ गोळ्यांचा गट मारतात आणि ते कार्ड पिस्तुलासोबत देतात. या कार्डावर ११.०३.२००४ अशी तारीख आहे. ऑस्ट्रियात आधी दिवस लिहितात, मग महिना, म्हणजे ११ मार्च २००४. कार्डावरचा क्रमांक फ्रेमवरच्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळवून पाहिला. ही पायरी गाळायची नाही. एकाच कपाटात दोन-चार पिस्तुलं असली की कार्डांची अदलाबदल होते आणि मग भलत्याच पिस्तुलाचं वय या पिस्तुलाला चिकटतं.

पावती २००५ची आहे, त्यामुळे मधलं एक वर्ष माल आयातदाराकडे पडून होता हे उघड आहे. ही गोष्ट सिलिंडरच्या हिशेबात पुन्हा लागेल.

मूठ, रिअर साइटचं पान, ट्रिगरची पट्टी यांवरून वय ठरवू नये. हे भाग नेमबाज पहिल्या वर्षातच बदलतात. या पिस्तुलाची मूठ लाकडी पुटीने भरून, घासून एखाद्याच्या तळव्याला बसवलेली आहे. ती मूठ त्या माणसाबद्दल सांगते, पिस्तुलाबद्दल नाही.

निष्कर्ष: पिस्तूल २००४ सालचं. वीस वर्षांचं मॅच पिस्तूल म्हातारं समजायचं कारण नाही. १५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जाणारी शिशाची पेलेट (छोटी गोळी) नळी फारशी झिजवत नाही. थकतात त्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि व्हॉल्व्हच्या सील.

१२ जून

मध्येच एक छोटी नोंद, कारण त्याच कपाटात फाइनवेर्कबाऊ मॉडेल ६५ हे जर्मन हवेचं पिस्तूल आहे आणि त्याचंही वय कोणाला माहीत नव्हतं. याला सिलिंडरच नाही. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची, आणि गोळी सुटताना वरचा सगळा भाग रुळांवरून मागे सरकून धक्का खातो.

मॉडेल १९६५ साली आलं आणि खूप वर्षं बनत राहिलं, म्हणून नुसत्या मॉडेलवरून काही साधत नाही. खुणा वाचाव्या लागतात. पंचकोनातलं ‘एफ’ हे अक्षर आहे, म्हणजे १९७० किंवा त्यानंतरचं. ७.५ ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकांवर जर्मनीत ही खूण तेव्हापासून येते. त्याखाली ‘वेस्ट जर्मनी’ आहे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या, त्यामुळे वरची मर्यादा तिथे लागते. पुस्तिकेच्या मागच्या पानावर कंपनीच्या गावाचा, ओबर्नडॉर्फचा, पिनकोड चार अंकी, ७२३८ असा आहे. जर्मनीतले पिनकोड १ जुलै १९९३ पासून पाच अंकी झाले. इथे या पुराव्याने नवं काही हाती लागलं नाही, पण ‘वेस्ट’ हा शब्द नसलेल्या पिस्तुलांसाठी तो फार कामाचा आहे. पेटी किंवा पुस्तिका फेकू नये, ती याचसाठी.

१९७० ते १९९० एवढ्यावर ६५ची नोंद थांबवली. त्यात फुटणारं काही नाही, त्यामुळे अधिक नेमकेपणाची घाई नाही.

१६ जून

सिलिंडर वाचायचा दिवस. आधी चुंबक लावून पाहिलं. तिन्हींचं अंग चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे अॅल्युमिनियम. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हाताचा मळ आणि ग्रीस काढलं. सँडपेपर, वायर ब्रश, धातूची पॉलिश यातलं काहीही लावू नये. वरचा रंगीत थर गेला की तारखेच्या ठशाची उथळ रेषही जाते आणि धातू मुंबईच्या दमट हवेला उघडा पडतो.

एका सिलिंडरवर बरेच आकडे असतात आणि त्यातले बहुतेक तारखेचे नसतात. ‘पीएस’ किंवा ‘पीडब्ल्यू’च्या पुढचा आकडा चालवायचा दाब, इथे २०० बार. ‘पीटी’च्या पुढचा आकडा चाचणीचा दाब, इथे ३०० बार. ‘व्ही’ म्हणजे आतलं घनफळ. याशिवाय लॉट क्रमांक, आणि गेजच्या तबकडीवर गेज बनवणाऱ्याचं चिन्ह. गेज बदलता येतं, म्हणून गेजवरचं साल सिलिंडरचं धरू नये.

सिलिंडर अ: ०२/२००४, स्वच्छ वाचता आलं. पिस्तुलाच्या कार्डाशी जुळतं, म्हणजे मूळ सिलिंडर हाच. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची (कारण पुढे येईल), ती फेब्रुवारी २०१४ला संपली. पावती २००५ची असली तरी मोजणी २००४पासूनच करायची. मुदत बनवल्याच्या तारखेपासून चालू होते. विकत घेतल्याची किंवा पहिल्यांदा भरल्याची तारीख धरायची नाही.

सिलिंडर ब: ‘१० १४’. चौदावा महिना नसतो, म्हणून ऑक्टोबर २०१४. या ऑक्टोबरपर्यंत चालेल.

सिलिंडर क: इथे वेळ लागला. कोणीतरी अंगावर काळा रंग मारला आहे आणि मागे क्लबची पट्टी चिकटवली आहे. पट्टी हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल करून काढली. (सिलिंडर आधीच रिकामा होता. भरलेल्या सिलिंडरला ड्रायर लावायचा नाही.) खाली नुसता सपाट काळा रंग दिसला. खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ अंगाला टेकवून, अगदी तिरका धरला आणि सिलिंडर बोटाबोटाने फिरवत नेला. एका ठिकाणी रंगात बारीक खळगे चमकले. त्यावर पांढरा खडू सपाट घासून कोरड्या कापडाने वरवर पुसला. खळग्यांत खडू राहिला आणि दहापट भिंगातून ‘०६ ०७’ उमटलं. शेवटचा ७ आधी १ वाटत होता. टॉर्च दुसऱ्या बाजूने धरल्यावर त्याची आडवी रेघ दिसली.

आता हा जून २००७, की २००६ सालचा जुलै? दोन्ही आकडे बाराच्या आत असले की नुसत्या ठशावरून उत्तर मिळत नाही. त्याच बनावटीच्या दुसऱ्या सिलिंडरवर बारापेक्षा मोठा आकडा शोधायचा, त्यावरून महिना आधी की साल आधी ते कळतं. ब वर महिना आधी आहे. पण ब आणि क एकाच कारखान्याचे आहेत याला पुरावा नाही. अशा वेळी जुनी तारीख धरायची. इथे दोन्ही अर्थांनी क कधीच बाद झालेला आहे, त्यामुळे वाद उरत नाही. आणि तारीख कशानेच वाचता आली नसती तरी निर्णय हाच असता. तारीख नसलेला सिलिंडर बाद.

२० जून

‘इतकी वर्षं भरतोय, काही झालं नाही,’ हे वाक्य रेंजवर वारंवार ऐकू येतं, म्हणून कारण सविस्तर लिहून ठेवत आहोत.

पोलादाला साधारण एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी मर्यादा नसते. प्रत्येक वेळी २०० बारपर्यंत भरणं आणि परत उतरणं हा एक ताण असतो आणि तो जमा होत जातो. आठवड्याला पाच वेळा भरणाऱ्या नेमबाजाचे दहा वर्षांत अडीच हजार ताण होतात. चीर सुरू होते ती आट्यांच्या तळाशी किंवा एखाद्या खोल ओरखड्यापाशी. गेजवर ती दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही.

शिवाय आतली ऊर्जा. या मापाच्या सिलिंडरमध्ये साधारण ८३ घनसेंटिमीटर जागा आहे (मोजणी पुढच्या नोंदीत). २०० बारला त्यात सुमारे ३ हजार ज्यूल साठतात. नळीतून सुटणाऱ्या पेलेटची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे पाचशे गोळ्यांची ताकद नळीखाली, मुठीच्या अगदी पुढे अडकवलेली असते, आणि भरताना तर ती थेट हातातच असते.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार सिलिंडर कारखान्याने दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त १० वर्षांच्या आत, असल्याची जबाबदारी खेळाडूवर आहे. आपल्याकडच्या गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं भांडंच ‘गॅस सिलिंडर’ ठरतं. भरायची मोठी बाटली त्यात येते, तिला ठरावीक काळाने पाण्याच्या दाबाची चाचणी आणि शिक्का लागतो. पिस्तुलाचा सिलिंडर त्यातून सुटतो. म्हणजे त्याच्यावर सरकारी शिक्का मारणारं कोणी नाही. क्लबच्या वहीत तारीख नसेल तर ती कुठेच नाही.

२३ जून

अ मध्ये गेजप्रमाणे अजून ९० बार हवा होती. ती सोडून द्यायची. सिलिंडर पिस्तुलावरून नुसत्या हाताने सुटला पाहिजे, पक्कड लावायची नाही. हवा सोडायचा स्क्रू लावून पाव-पाव फेरा देत, तोंड आणि बोटं भोकाच्या रेषेबाहेर ठेवून हवा सोडली. घाई केली की धातू बर्फासारखा थंड पडतो आणि पावसाळ्यात त्यावर लगेच दव धरतं. त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडला तर बाहेरची दमट हवा आत जाऊन आतही पाणी धरतं. म्हणून पूर्ण रिकामा झाल्यावर सिलिंडर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसाच ठेवायचा. अ नष्टच करायचा असल्याने इथे फरक पडत नव्हता, पण विमानप्रवासासाठी चांगला सिलिंडर रिकामा करताना नेमकी हीच चूक होते.

ब ची गळती तपासायला गेजवर विसंबलो नाही. एवढ्याशा तबकडीवर ५ बार इकडचे तिकडे सहज होतात आणि दाब तापमानाप्रमाणेही हलतो. वजन हलत नाही. झवेरी बाजारात सोनारांसाठी मिळतो तसा ५०० ग्रॅमचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतला. रिकामा ब: २९०.१० ग्रॅम.

दाबलेल्या हवेच्या १२ लिटरच्या मोठ्या बाटलीवरून, बाटलीची झडप जेमतेम उघडून, मिनिटभरात सावकाश भरला. अडॅप्टर शेवटपर्यंत हाताने फिरला का ते आधी पाहिलं. दोन-तीन फेऱ्यांत अडकणारा अडॅप्टर बहुधा दुसऱ्या कंपनीचा असतो आणि तेवढ्या आट्यांवर २०० बार पेलायचे नसतात. भरून झाल्यावर गेज २००, अंग ४३ अंश. तासाभराने अंग २९ अंश, गेज १९०. ही गळती नव्हे. तापमान केल्विनमध्ये (अंश सेल्सिअस अधिक २७३) धरून हिशेब केला की २०० × ३०२ ÷ ३१६ = १९१ येतात. गरम असताना पुन्हा २००ला भरत बसू नये. थंड झाल्यावर हवं तर एकदा वरची भर घालावी.

वजन ३०८.०० ग्रॅम. आत १७.९० ग्रॅम हवा. १९० बारला या तापमानाची हवा लिटरला साधारण २१५ ग्रॅम भरते, त्यावरून घनफळ ८३ घनसेंटिमीटर. म्हणजे १ बार कमी झाला की ०.०९ ग्रॅम घटेल, काट्याला सहज दिसेल इतकं.

३० जून

ब: ३०७.९५ ग्रॅम. आठवड्यात ०.०५ ग्रॅम, म्हणजे अर्धा बार. सील उत्तम आहे. ०.५ ग्रॅमच्या वर गेलं असतं तर सिलिंडर पाण्यात बुडवून बुडबुडे गेजपाशी येतात की व्हॉल्व्हपाशी ते पाहिलं असतं. व्हॉल्व्हपाशी आले तर ओ-रिंग बदलण्यासारखी असते, गेजपाशी आले तर सिलिंडर कारखान्याच्या माणसाकडे. ओ-रिंगा नागदेवी स्ट्रीटवर मापाच्या मिळतात, पण नुसता व्यास सांगून भागत नाही, कडकपणाही सांगावा लागतो. ७० शोअरची (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग या दाबाला फटीत ओढली जाते आणि कडा कुरतडली जाते. ९०ची घ्यावी. लावताना थोडं सिलिकॉन ग्रीस. साधं मशीन ऑइल किंवा थ्री-इन-वन दाबाच्या हवेजवळ नको. दाब झटक्यात वाढताना ते पेट घेऊ शकतं.

७ जुलै

ब लावून पिस्तुलाचा वेग मोजला. ०.५३ ग्रॅमची सपाट डोक्याची पेलेट, १० गोळ्या: १४८ ते १५१ मीटर प्रतिसेकंद. दहा मिनिटं पिस्तूल तसंच ठेवून पुढची पहिली गोळी १५० गेली. रेग्युलेटरची (सिलिंडरचा दाब उतरवून स्थिर ठेवणाऱ्या भागाची) गादी झिजलेली असती तर थांबण्याच्या काळात आतला दाब हळूहळू वर चढला असता आणि ही पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वेगवान निघाली असती. वीस वर्षांच्या पिस्तुलात हीच गोष्ट सर्वांत आधी पाहावी. इथे तो दोष नाही.

गेज ८०च्या खाली गेलं की भरून घ्यायचं. सामन्याच्या ६० गोळ्या आणि आधीच्या सरावाच्या गोळ्या एका भरण्यात आरामात होतात.

१४ जुलै

अ आणि क नष्ट केले. दोन्ही रिकामे असल्याची दोनदा खात्री केली: गेज शून्यावर, आणि व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर आवाज नाही. गेज अडकून शून्य दाखवू शकतं, म्हणून दुसरी तपासणी. व्हॉल्व्ह काढून घेतला, मग शिकंजात धरून अंगाच्या मधोमध हॅकसॉने आरपार कापलं. अख्खा सिलिंडर भंगारात द्यायचा नाही. कुर्ल्याच्या भंगारातून तो साफसूफ होऊन परत एखाद्या नवशिक्याच्या पेटीत जातो. क कापल्यावर आत, तळाशी, पांढरट भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. पाण्याने गंजलेला. बहुधा कधीतरी हातपंपाने, ओलावा न गाळता भरला असावा. बाहेरून काळ्या रंगाखाली तो तिघांत सर्वांत देखणा होता.

सीओटूचा सिलिंडरही २००० सालचा निघाला आणि त्याच वाटेने गेला. सीओटू ३१.१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत, बंद गाडीत, असा जुना आणि गच्च भरलेला सिलिंडर असणं चांगलं नाही.

२८ जुलै

ब ऑक्टोबरमध्ये संपतो, म्हणून नवा मागवला. मागवताना विक्रेत्याकडून आधी ठशाचा फोटो घेतला. पहिला दाखवलेला सिलिंडर कोरा करकरीत होता, पण २०२१ सालचा. त्याचं तीन वर्षांचं आयुष्य फळीवरच गेलं होतं आणि किंमत मात्र पूर्ण सांगितली होती. तो नाकारला. दुसरा ०३/२०२४चा, तो घेतला. जुनं पिस्तूल विकत घेतानाही हाच हिशेब लावावा. मुदत संपलेल्या प्रत्येक सिलिंडरमागे नव्याची किंमत सांगितलेल्या आकड्यातून वजा करावी.

वहीत नवं पान केलं: सिलिंडरचा क्रमांक, ठसा जसा आहे तसा, त्याचा लावलेला अर्थ, बाद होण्याचा महिना, रिकामं वजन, शेवटचं भरलेलं वजन. ब समोर ‘ऑक्टोबर २०२४’ आणि नव्यासमोर ‘मार्च २०३४’ लिहिलं. पिस्तूल ब सकट नेमबाजाच्या ताब्यात दिलं. नवा सिलिंडर कपाटात ४० बार हवा ठेवून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवला आहे. ब परत आला की त्याच दिवशी कापायचा.